दुपारचा मोबाईल

यशोधरा घरात नाही, हे वसंताच्या ध्यानात आलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. त्याने दोन ताटं वाढली होती. भात, वांग्याची भाजी आणि नातीला आवडते म्हणून कैरीची चटणी. दारात उभं राहून त्याने दोन हाका मारल्या. बालाघाटचं मे महिन्यातलं ऊन गल्लीत पसरलं होतं, कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नव्हतं.

"मयुरीकडे चित्रं काढायले चालली, आबाजी. जेवायले येतो," असं सांगून ती साडेनऊला गेली होती. मयुरी तिच्या वर्गातली, तीन गल्ल्या पलीकडची. पोरी खेळात लागल्या की वेळ विसरतात, असं म्हणत वसंताने डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि तिला आणायला निघाला.

मयुरीच्या आईने दार अर्धवट उघडलं.

"यशू? ते तर आज आली नाही, काकाजी. अन् मयुरी तर परवापासून आपल्या मामाकडं गेलती."

वसंता तिथेच उभा राहिला. "परवापासून?"

"हौ. काहून? काही झालं का?"

"नाही, नाही," तो म्हणाला आणि माघारी वळला. तीस वर्षं त्याने भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काढली होती. खाली काम करताना वरचं छत सुटण्याच्या आधी एक बारीक आवाज येतो. कान तो ऐकतात न ऐकतात, तोच पाय पळायला लागतात. तसंच झालं. चौसष्ट वर्षांचा माणूस भर उन्हात घराकडे पळत सुटला.

त्याला आधी आठवलं ते तीन दिवसांपूर्वीचं.

वसंताचा मुलगा नागसेन राइस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. सून आम्रपाली आशा कार्यकर्ती, सकाळी निघायची ती चार-पाचला परतायची. दोन वर्षांपूर्वी वसंताची बायको रुख्माबाई वारली, आणि सुट्टीच्या दिवसांत घरात उरले आजोबा आणि अकरा वर्षांची नात. सुरुवातीला दोघं पत्ते खेळायचे, टीव्ही पाहायचे. मग एका दुपारी यशोधराने त्याचा मोबाईल मागितला, दहा मिनिटांसाठी. त्याने दिला. कूलरच्या वाऱ्यात त्याला झोप लागली. उठला तर चार वाजले होते, पोरगी शांतपणे पडवीत बसलेली, आणि तिने त्याच्याकडे पाहून असं काही हसून दाखवलं, की त्याला वाटलं, चला, या घरात आपणही कोणाला काही देऊ शकतो.

मग रोजचंच झालं. खेळाचं नाव किलाबंदी. पाच-सहा जणांनी मिळून किल्ला बांधायचा आणि दुसऱ्यांपासून वाचवायचा, एवढंच त्याला ठाऊक. आम्रपाली येण्याच्या पाच मिनिटं आधी मोबाईल त्याच्या उशीखाली परत यायचा. "मम्मीले सांगू नका हं, आबाजी," ती म्हणायची. तो डोळे मिचकावायचा.

तीन दिवसांपूर्वी आम्रपाली दोन वाजताच घरी आली. पोरगी मोबाईलवर, सासरा घोरतोय.

"किती वेळ झाला घेऊन?" तिने विचारलं.

वसंता दचकून उठला. "आत्ताच घेतलन," तो म्हणाला.

आम्रपालीने मोबाईल हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि पडदा त्याच्यासमोर धरला. त्या दिवशीचे साडेतीन तास. आदल्या दिवशीचे पावणेसहा. मोबाईल असा हिशोब ठेवतो, हे वसंताला माहीतच नव्हतं. सून ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मामाजी, मी तुमच्या भरवशावर जातो न घरातून." आणि मोबाईल लोखंडी कपाटात कुलपात ठेवला.

त्यानंतर यशोधरा रडली नाही, भांडली नाही. जेवताना दोन घास खायची आणि उठायची. "माही टीम मले काढून टाकीन," एवढंच एकदा म्हणाली. वसंता मान खाली घालून बसला होता.

घरात शिरल्या-शिरल्या तो कपाटाकडे गेला. किल्ली आम्रपालीच्या औषधांच्या पेटीत असायची, तिथेच होती. पण कपाट उघडल्यावर त्याला दिसलं, की साड्यांच्या घडीवर आडवा ठेवलेला मोबाईल आता घडीच्या खाली कोंबलेला आहे. सकाळी तो आंघोळीला गेला असताना कोणीतरी तो काढून परत ठेवला होता. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

मोबाईल त्याचाच, उघडायचा आकडाही त्याच्याच जन्मसालाचा. किलाबंदीचं चित्र त्याला ओळखू आलं. त्यावर बोट ठेवलं तशी ढोलताशांसारखा आवाज करत ती उघडली. वर कोपऱ्यात निरोपांचा लाल ठिपका. तिथे बोट लावल्यावर नावांची यादी आली आणि सगळ्यात वर होतं 'शेरा'. वसंता चौथीपर्यंत शिकलेला, पण हिंदी सरळ वाचायचा. चष्मा लावून, भिंतीला पाठ टेकून त्याने वाचायला सुरुवात केली.

"टीम वाले तुझे निकाल देंगे. मेरे पास पुराना फोन पड़ा है, तू ले जा."

"कहाँ से?"

"राजेगाव. बस से उतर के रुकना. फिर पुल की तरफ चलेंगे. ग्यारह बजे तक आ जा."

"आबाजी को साथ लाऊँ क्या?"

"नहीं. किसी को बोला तो फोन नहीं मिलेगा."

"ठीक है."

हे सगळं आज सकाळी नऊच्या सुमाराचं. वसंताने पडद्यावरून बोट फिरवलं, तसा तो सरकला आणि जुने निरोप दिसायला लागले. महिन्याभरापूर्वीचे, त्याही आधीचे. किस वॉर्ड में रहती है. पापा क्या करते हैं. मम्मी कब आती है. आणि मग ते एक वाक्य, जे पुढे कित्येक महिने तो विसरू शकला नाही.

"दोपहर में घर पे कौन रहता है?"

"आबाजी. वो सोते हैं."

वसंता खाली बसला. दार त्याने उघडंच ठेवलं होतं, रोज दुपारी ठेवायचा, वारा यावा म्हणून. एवढे दिवस कुठला तरी अनोळखी माणूस जाणत होता, की या घरात एक पोरगी आहे, एक म्हातारा आहे, आणि तो म्हातारा झोपलेला असतो.

तेवढ्यात उघड्या राहिलेल्या खेळातून हातातला मोबाईल बोलला.

"यशू? तू आ गई क्या?"

एका मुलीचा आवाज. वसंताने घाईघाईने मोबाईल कानाला लावला, फोन आल्यासारखा. "मैं यशू का आबाजी बोल रहा हूँ. तुम कौन?"

पलीकडून हळूच, "मंजू. लालबर्रा से. मैं टीम में हूँ. यशू कहाँ है?"

"घर में नहीं है, बेटा. ये शेरा कौन है? तू जानती है उसको?"

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली. "आबाजी," ती पोर म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, "वो उसके पास तो नहीं गई ना? उसने मेरे को भी बोला था आने को. फोटो माँगता था. मैंने उसको बंद कर दिया. यशू को भी बोली थी कि बंद कर दे. वो बोली, अच्छा भैया है."

"कितना बड़ा है?"

"बोलता है सतरा साल. पर आवाज बड़े आदमी जैसी है. पापा लोग जैसी."

वसंताने विचारलं, "तूने घर में बताया?"

"नहीं. मम्मी फोन छीन लेगी."

"नहीं छीनेगी. तू अभी जा के बता. अभी. मैं बाद में तेरी मम्मी से बात करूँगा." आपण कोणाच्या आईची हमी देतोय हे त्याला कळत नव्हतं, पण त्या क्षणी लालबर्र्याची ती न पाहिलेली पोरसुद्धा त्याला त्या पुलावर उभी दिसत होती.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता. अकराची वेळ दिली होती. दोन तास होत आले होते.

त्याने पोलिसांचा नंबर लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं: नाव, वय, उंची, अंगावर कपडे कोणते. वसंताला आठवेना. सकाळी ती समोरून गेली होती, त्याने मान वर करून 'हौ' म्हटलं होतं, पण तिच्या अंगावर काय होतं हे त्याने पाहिलंच नव्हतं. "निळा," तो म्हणाला, मग म्हणाला, "नाही, नाही मालूम बाई, नाही मालूम." त्या बाईने राजेगावकडे गाडी पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन चालू ठेवायला सांगितला.

आता सुनेला सांगायचं होतं. आम्रपाली प्रशिक्षणाला खैरलांजीला गेली होती, दीड तासाच्या रस्त्यावर. वसंताने तिचं नाव काढलं आणि बोट तसंच धरून बसला. सांगायच्या आधीच पोरगी सापडली तर? अर्ध्या मिनिटासाठी हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याच अर्ध्या मिनिटात त्याला स्वतःची किळस आली. इतके दिवस हेच तर करत आलो आपण. त्याने बोट दाबलं.

त्याने काहीही न लपवता सांगितलं. आम्रपालीने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही निघा. मी येऊन राह्यली," आणि फोन बंद झाला.

शेजारी भोजराज होता, वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा तिशीतला गडी. दुपारच्या जेवणाला घरी आला होता. वसंता काय सांगतोय हे त्याला निम्मंच कळलं, पण त्याने हात धुतले न धुतले आणि मोटारसायकलला किक मारली.

गोंदियाच्या रस्त्यावर हवा भट्टीसारखी तोंडावर येत होती. वसंताने भोजराजचा खांदा घट्ट धरला होता आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर तो मागची सवारी पाहत होता. एका मोटारसायकलवर एक मुलगी दिसली, पण ती कोणा बाईला बिलगून बसली होती. गावाबाहेर पडतात न पडतात, तर रेल्वेचं फाटक बंद.

मालगाडी होती. एकेक डबा इतका सावकाश सरकत होता, की वसंताला वाटलं ही गाडी संपणारच नाही. त्याने गाडीवरून उतरून फाटकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. लोखंड तापलेलं होतं, हात भाजत होते, पण त्याने काढले नाहीत. मागे कोणी हॉर्न वाजवत होतं, कोणी काकडी विकत होतं. पलीकडे, त्या डब्यांच्या पलीकडे, कुठेतरी त्याची नात एका माणसाजवळ उभी असेल. किंवा नसेल.

"बसा काकाजी, उघडलं," भोजराज म्हणाला. त्याला दोनदा सांगावं लागलं.

राजेगावच्या बसथांब्यावर ती नव्हती. समोर एका बाईचं चहाचं दुकान होतं, ताडपत्रीच्या सावलीत. वसंताने घाईत काय विचारलं ते त्याचं त्यालाही कळलं नसेल, पण बाईला कळलं.

"पोट्टी? हौ. पिवळा टॉप, पाठीवर बस्ता. माह्यापाशी पाणी मागतलन. मोठ्या वेळची बसलती इथी. मले वाटलं, कोणी घ्यायले येणार असंन."

"मंग? आता कुठी हाय?"

"एक मोटारसायकलवाला आला. त्याच्यासंगं पुलाकडं गेली. तो गाडी हळूहळू चालवत होता, हे बाजूनं पायी." बाईचा चेहरा आता बदलला होता. "आत्ताच गेले, भाऊ. फार झालं तर पाच मिनिटं."

भोजराजने गाडी वळवली.

नदीवरचा पूल म्हणजे दोन राज्यांची शीव. अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. उन्हाळ्यात नदीत पाणी थोडं, वाळूच जास्त. पुलावर सावली नाही, त्यामुळे माणूसही नाही. आणि पुलाच्या मध्याच्या जरा अलीकडे, कठड्याला लागून, वसंताला पिवळा रंग दिसला.

मोटारसायकल चालूच होती. बसलेल्या माणसाने एक पाय रस्त्यावर टेकला होता, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. त्याने यशोधराचं मनगट धरलं होतं. तिचा बस्ता त्याच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेला. ती मागे झुकून कठड्याला पाठ लावून उभी होती, आणि तो काहीतरी बोलत तिला गाडीकडे ओढत होता. घाईने नव्हे, लाडाने ओढावं तसं. वसंताने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही.

भोजराजने हॉर्नवर अंगठा दाबला तो काढलाच नाही.

हेल्मेट वळलं. क्षणभर त्या काळ्या काचेने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या माणसाने मनगट सोडलं, गाडीला हिसका दिला आणि सुसाट पलीकडे निघाला. टाकीवरचा बस्ता घसरून रस्त्यावर पडला. भोजराजला त्याच्या मागे जायचं होतं, पण वसंता चालत्या गाडीवरून उतरायला पाहत होता, त्याला थांबावंच लागलं. गाडीचा नंबर अर्धा दिसला, तो भोजराज तोंडातल्या तोंडात घोकत राहिला.

यशोधरा खाली बसली होती. गुडघे पोटाशी, चेहरा कोरडा, ओठ पांढरे. वसंता तिच्यासमोर बसला.

"आबाजी," ती म्हणाली, "मी त्याले म्हटलं, मले फोन नको. खरंच म्हटलं. तो म्हणे, गाडीवर बस, तिकडं घरी ठेवला हाय."

"हौ, बाई."

"मी त्याले म्हटलं, हेल्मेट काढा. तो काढतच नोहता. मंग मले भेव लागलं."

"उशिरा काहून आला तो?"

"तो आधीच आलता. दूर उभा होता. माह्यासंगं कोणी हाय का, पाहून राह्यलो होतो, असं म्हणे."

मग ती रडायला लागली, आणि वसंताने तिला छातीशी धरलं. रस्ता पायाखाली चटके देत होता, पण दोघांनाही उठता येईना. भोजराज पाठ फिरवून पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहत उभा राहिला.

दहा मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. ठाण्यावर एक महिला पोलीस होती, पन्नाशीची. तिने यशोधराला आधी पाणी आणि बिस्किटं दिली आणि काही विचारलं नाही. आम्रपाली पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. कोणाच्या तरी मोटारसायकलवर आली होती, केस विस्कटलेले, प्रशिक्षणाचा बिल्ला अजून पदरावर. तिने पोरीला पाहिलं, तिच्या मनगटावरच्या लाल खुणा पाहिल्या, तिला मांडीवर घेतलं, अकरा वर्षांच्या मुलीला लहान बाळासारखं. वसंताकडे तिने पाहिलं नाही.

"बच्ची के पास फोन किसका था?" महिला पोलिसाने लिहिता लिहिता विचारलं.

"माझा," वसंता म्हणाला. आणि मग न विचारताच तो सांगत गेला. रोज दुपारी मीच देत होतो. चार तास, पाच तास. मी झोपत होतो. हिच्या आईला खोटं सांगत होतो. पोरगी कोणाशी बोलते, हे मी एकदाही विचारलं नाही. सांगताना त्याची मान खाली होती आणि हिंदी-मराठीची सरमिसळ होत होती, पण त्या बाईने पेन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"फोन में से कुछ मिटाना मत, काकाजी," ती म्हणाली. "उसी से पकड़ेंगे." मग आम्रपालीकडे वळली. "और बेटी को मारना मत. मारोगी तो अगली बार बताएगी नहीं."

संध्याकाळी वसंताने खेळातूनच मंजूकडून नंबर घेतला आणि लालबर्र्याला फोन केला. मंजूने आईला सांगितलं होतं. आई आधी रागावली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेही आपल्या पोरीचे निरोप पोलिसांना दाखवले. बारा दिवसांनी ठाण्यावरून बोलावणं आलं. महाराष्ट्राच्या पोलिसांच्या मदतीने माणूस सापडला होता. अडतीस वर्षांचा, बायको-मुलं असलेला. आणखी तीन मुलींशी त्याचं असंच बोलणं चालू होतं. भोजराजने घोकलेला अर्धा नंबर आणि दोन मोबाईलमधले निरोप, एवढ्यावर तो सापडला.

वसंताला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती गेली नाही. दुपारी त्याला झोप लागेना. दाराची कडी लावलेली असायची, तरी तो उठून दोनदा पाहायचा. गल्लीत मोटारसायकल थांबली, की तो दाराआड जाऊन कान देऊन उभा राहायचा.

आम्रपालीचा निर्णय सरळ होता. घरात हा खेळ नको, मोबाईलही नको. नागसेन रायपूरहून आल्यावर तोही तेच म्हणाला. जेवणाच्या वेळी बोलणं चाललं होतं, यशोधरा ताटात बोट फिरवत होती. या घरात बोलायचा आपला हक्क संपला, असं वसंताला वाटत होतं. पण शेवटी तो बोलला.

"मी एक सांगू का? मंग तुम्ही म्हणसान तसं." तो घोटभर पाणी प्यायला. "मोबाईल कुलपात गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी पोरगी दाराबाहेर गेली. तिले वाटलं, आपलं कोणी ऐकणार नाही. मी दिला तोही चुकला, अन् तू कुलपात ठेवला तोही नुसता कुलपातच ठेवला. कोणी तिच्यापाशी बसलं नाही. मले तर त्या खेळात कोण कोण बोलते, हेही माहीत नोहतं. मंजूनं सांगतलं तवा कळलं."

"मंग काय करायचं, मामाजी?" आम्रपाली म्हणाली. पुलानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी सरळ बोलली होती. "मले भेव लागते. तिच्या हातात मोबाईल पाहिला की माह्ये पाय कापतात."

"माह्येही कापतात," वसंता म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, माह्यासमोर खेळू दे."

त्या रात्री काही ठरलं नाही. आठ दिवस लागले, आणि त्यात एकदा यशोधरा दार आपटून गेली, एकदा आम्रपाली. पण हळूहळू घराला एक वळण पडलं. खेळ फक्त पडवीत, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. पाच ते सहा, आम्रपाली घरी आल्यावर. अनोळखी माणसांशी बोलणं बंद; खेळात फक्त मंजू आणि मंजूच्या आईने ओळखलेल्या दोन मुली. सुरुवातीला सहा वाजता मोबाईल मागितला, की यशोधरा म्हणायची, "हा किल्ला अर्धा राह्यला," आणि तोंड फुगवायची. मग वसंताने एक युक्ती काढली. पावणेसहालाच तो म्हणायचा, आता नवीन भिंत नको घेऊ, जुनी पुरी कर. ते तिला पटायचं. सगळेच दिवस पटायचं असं नाही.

दुपारी दोघांनी वेगळंच काही शोधलं. वसंता तिला भोजराजच्या दुकानात घेऊन जायचा, तिथे लोखंडाचे तुकडे जोडून ती काहीबाही बनवायची. कधी ती कंटाळायची आणि तसं सांगायची. वसंता म्हणायचा, "मीही कंटाळलो. चाल, दोघं कंटाळू."

आणि तो स्वतः किलाबंदी शिकला. म्हणजे शिकायचा प्रयत्न केला. त्याची बोटं जाड, त्याचा सैनिक नेहमी भिंतीवरून खाली पडायचा. यशोधरा पोट धरून हसायची. आम्रपाली आतून पोळ्या लाटता लाटता ते हसणं ऐकायची आणि मधूनच दारात येऊन उभी राहायची, दोघांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत. मग परत पोळ्यांकडे जायची.

पावसाळा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. सव्वापाच वाजले असतील. आम्रपाली अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. खेळता खेळता यशोधराचे हात थांबले. पडद्यावर एक चौकोन आला होता. कोणीतरी दोस्ती मागत होतं. नाव एका मुलीचं, चित्र एका मांजरीचं.

पूर्वी तिने क्षणात बोट लावलं असतं. आता तिने मोबाईल तसाच वसंतापुढे धरला.

"आबाजी, हे कोण हाय, मले माहीत नाही."

वसंताने चष्मा लावला. मांजरीचं चित्र गोड होतं. एखादी लहान पोरच असेल, नव्वद टक्के तशीच असेल. तरी पुलावरचं ऊन त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"मलेही माहीत नाही," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग नको."

तिने 'नको'वर बोट ठेवलं. चौकोन गेला. ती पुन्हा भिंत बांधायला लागली. वसंता उठला, माठातलं पाणी घेऊन एका दमात प्यायला, आणि परत येऊन तिच्या शेजारी बसला, जरा जास्तच जवळ.